तुला ऐकू यायची ती बाई

प्रिय आई,

तू गेल्यापासून आठ महिने मी तुझ्याशी मनातल्या मनात बोलत होते. तेवढं पुरतही होतं. पण गेल्या शनिवारी असं काही कळलं की नुसतं मनात बोलून भागेना. कागदावर, खाली सही करून सांगायला हवं असं वाटलं. म्हणून लिहायला बसलेय.

शनिवारी तुझी कानाची यंत्रं घेऊन मी ठाण्याच्या त्या क्लिनिकमध्ये गेलेले. मिलिंदच म्हणाला, "ताई, कपाटात ठेवून काय करायचंय? कुणाच्या तरी उपयोगी पडतील." केतकी मॅडमनी मला लगेच ओळखलं. तुझे कान तपासणारी ती बारीक आवाजाची मुलगी. पहिल्याच दिवशी तू तिला "घशातून नको, जरा पोटातून बोल" असं सुनावलं होतंस! ती अजून ते सांगून हसते. तू गेलीस हे ऐकून तिने यंत्रांची डबी दोन्ही हातांत धरली. म्हणाली, "तुम्हीपण गात असाल ना? परबबाईंची मुलगी म्हणजे..."

मी माझं नेहमीचं उत्तर दिलं. "छे हो! मला गाण्यातलं काही कळत नाही."

"काही म्हणजे?"

"काहीच. शब्द नसतील तर दोन गाण्यांतला फरकसुद्धा कळत नाही."

यावर लोक हसतात. ही हसली नाही. तिने मला खुर्चीत बसवलं. आधी कान तपासले, ते ठणठणीत. मग हेडफोनमधून सुरांचे छोटे छोटे तुकडे ऐकवले. दोन दोनच्या जोड्या. सारखे की वेगळे, एवढंच सांगायचं. आई, मला सगळ्या जोड्या सारख्या वाटल्या! शेवटी शेवटी लाज वाटून मी मधेच "वेगळे" म्हणायला लागले, अंदाजपंचे.

हेडफोन काढून घेत ती म्हणाली, "संगीताताई, याला नाव आहे. अम्युझिया. काही जणांना जन्मापासून असतं. कान चांगले असतात. सूर कानातून मेंदूत पोचतोसुद्धा. पण मेंदूच्या ज्या भागांनी मिळून तो ओळखायचा, त्यांच्यामधली वाट बारीक असते. यात आळस नसतो, हट्ट तर नसतोच."

बावन्न वर्षांची मी, त्या फिरत्या खुर्चीत बसून रडले. आणि खरं सांगू? नंतर इतकं हलकं वाटलं की खाली उतरून लागोपाठ दोन ग्लास पीयूष प्यायले.

आपली डोंबिवलीची बाहेरची खोली आठवते तुला? संध्याकाळी पाच वाजता सतरंजी पसरली की ती आपली राहायचीच नाही. दाराबाहेर चपलांचा ढीग, आत तीन रांगांत वेण्या घातलेल्या मुली, आणि पेटीमागे ताठ बसलेली तू. "परबबाईंचा क्लास." समोरच्या चाळीतल्या बायका आमटीला फोडणी देताना तुझ्या मुलींबरोबर भूप गुणगुणतात, हे तू किती अभिमानाने सांगायचीस!

मला काय ऐकू यायचं, हे मात्र तू कधी विचारलं नाहीस गं. आता सांगते. पेटीचा आवाज यायचा. तो मोठा व्हायचा, लहान व्हायचा, थांबायचा. बस. मांडणीवरची स्टीलची भांडी कुणीतरी सरकवतंय, असं काहीसं. तू मुलींना सांगायचीस, बघा, इथून सूर वर चढला, इथे जरा रेंगाळला, आता हा घरी परत आला. मला वाटायचं, ही नुसती बोलायची पद्धत असेल. चांदोबा झोपला म्हणतात ना, तसं.

आणि तुझी पंचाईतही मला आता कळते. ताल मला पक्का यायचा. तीनताल धरायला मलाच बसवायचीस. शब्द तर एकदा ऐकले की पाठ. "ताल बरोबर, शब्द बरोबर, मग सूर तेवढा कसा चुकतो तुझा?" हे तू मला किती वेळा विचारलं असशील! तुझ्या जागी मी असते तरी मलाही वाटलं असतं, कार्टी नाटक करतेय.

मी दहा वर्षांची असतानाची ती गुरुपौर्णिमा. शाळेचा हॉल भाड्याने घेतलेला, मुलींना सारख्या रंगाची परकर-पोलकी. तू मला समूहगानात शेवटच्या रांगेत उभं केलंस आणि कानात म्हणालीस, "नुसते ओठ हलव." मी ओठ हलवले. चांगले हलवले! आणि कल्याणहून आलेले ते म्हातारे पाहुणे, तुझ्या गुरुजींचे स्नेही, त्यांनी कार्यक्रमानंतर विचारलं, "बाईंची मुलगी कोणती? नाव काय बाळ तुझं?"

"संगीता."

"वा! मग हिचं एक ऐकायलाच हवं."

तू नको नको म्हणालीस. त्यांना तो तुझा विनय वाटला. मी पुढे गेले आणि गायले. आई, मला वाटत होतं मी अगदी तुझ्यासारखी गातेय. खरंच! मुली खुसुखुसू हसायला लागल्या तेव्हा मी आधी माझं पोलकं फाटलंय की काय ते बघितलं. पाहुणे स्वतःच्या चपलांकडे बघत होते.

घरी आल्यावर तू बाबांसमोर, सहा वर्षांच्या मिलिंदसमोर म्हणालीस, "ही मुद्दाम करते. चारचौघांत मला खाली बघायला लावायला."

दुसऱ्या दिवसापासून पाच वाजले की माझी जागा स्वयंपाकघरात, दार लावून. सतरंजीवरची माझी जागा मिलिंदला मिळाली. तो पहिल्या आठवड्यातच सुरात गायला, आणि तू त्याला उचलून घेतलंस. दाराच्या फटीतून मी ते बघितलं.

बाबा नसते तर माझं काय झालं असतं? एमआयडीसीतल्या रंगाच्या कंपनीतून ते घरी यायचे, हात धुतले तरी नखांत कधी निळं, कधी जांभळं राहिलेलं. ओट्याशेजारी पाट टाकून माझ्यासमोर बसायचे आणि खिशातून शेड कार्ड काढायचे, रंगवलेल्या कापडाचे छोटे तुकडे चिकटवलेलं. "संगू, यातला वेगळा काढ बघू." मी बघताक्षणी काढायचे. बाबा तो तुकडा दिव्याखाली नेऊन चष्मा वरखाली करायचे. मग म्हणायचे, "अगं, हा तर आमच्या साहेबालापण नसता दिसला!" बाहेर तुझा क्लास चालू असायचा. आत आमचा चालू असायचा.

बाबा लवकर गेले. मी रंगांचं रसायनशास्त्र शिकले, त्यांच्याच रस्त्यावरच्या एका कंपनीत लागले, लग्न होऊन ठाण्यात वर्तकनगरला आले, तरी नोकरी डोंबिवलीचीच ठेवली. आज आमच्या लॅबमधून माझ्या सहीशिवाय एकही रंग बाहेर जात नाही. हे मी तुला कधी नीट सांगितलं नाही, आणि तूही विचारलं नाहीस. पाहुण्यांना तू ओळख करून द्यायचीस, "हा मिलिंद, आकाशवाणीवर गातो. आणि ही थोरली. हिला गाण्याचं अंग नाही." झालं! माझी ओळख संपली. मी गणपतीला यायचे, मोदक वळायचे, आरतीला टाळ्या वाजवायचे आणि संध्याकाळच्या आत ठाण्याला परतायचे. आपल्यात भांडण नव्हतं. भांडायला काही तरी बोलावं लागतं.

अडीच वर्षांपूर्वी अर्चनाचा फोन आला. ती तशी घाबरणाऱ्यांतली नाही, पण त्या दिवशी तुझी ही सून हलक्या आवाजात बोलत होती. "ताई, रविवारी येता का? आईंना गाणी ऐकू येतात."

"अगं, तिला तर काहीच ऐकू येत नाही आता."

"तेच ना! घरात टीव्ही बंद, रेडिओ बंद. आणि त्या म्हणतात, वरचे लोक दिवसभर गाणं लावून ठेवतात. काल जिना चढून वर गेल्या भांडायला. वरचे महिनाभर गावी गेलेत, ताई. दाराला कुलूप आहे. मी जाऊन बघते तर आई त्या कुलपाला कान लावून उभ्या."

तोवर तुझे कान जाऊन दोन वर्षं झालेली. क्लास बंद झालेला. एकेक करून मुली कमी होत गेल्या, आणि एकदा एका पालकाने मिलिंदला बाजूला घेऊन सांगितलं, बाईंना आता चूक ऐकू येत नाही. तू यंत्र लावायला तयार नव्हतीस. "त्या डबड्यातून मी षड्ज ऐकू?"

मी आले तेव्हा मिलिंदने मला जिन्यातच गाठलं. "ताई, बाहेर कुणाला बोलू नकोस हां. आईला वेड लागलं म्हणतील लोक. परबबाईंना!" आकाशवाणीवर गाणारा माझा भाऊ, पण त्याचा चेहरा अगदी सहा वर्षांच्या मुलासारखा झालेला. शेजारच्या काकूंनी तर कुठल्या तरी बाबाचा अंगारा आणून तुझ्या उशीखाली ठेवलेला. तू तो काढून फेकलास हे एक बरं केलंस.

तू भिंतीकडे तोंड करून पडली होतीस, कानावर उशी दाबून. केस दोन दिवस विंचरलेले नव्हते. तू, जी क्लासला बसायच्या आधी रोज पातळाच्या निऱ्या दोनदा घालायचीस! मी शेजारी बसले आणि तुझ्या उजव्या कानाशी तोंड नेऊन सावकाश म्हटलं, "आई, कसं ऐकू येतं ते मला सांग."

"तुला काय कळणार? तुला गाणंच कळत नाही."

"म्हणूनच विचारतेय. मी मधे बोलणार नाही. तू सांग."

तू उठून बसलीस. किती दिवसांनी तुला कुणीतरी हे विचारत होतं, ते तुझ्या डोळ्यांत दिसलं मला. बाकी सगळे तुला सांगत होते की काही वाजत नाहीये. काय वाजतंय, हे कुणी विचारलंच नव्हतं.

"एक बाई आहे," तू म्हणालीस. "शब्द नाहीत. नुसता भूप. त्याच चार ओळी, सकाळपासून झोपेपर्यंत. आवाज चांगला आहे गं तिचा, रियाजी आहे. पण तिचा गंधार उतरलाय."

"म्हणजे?"

"जिथे लागायला हवा तिथे लागत नाही. जरासा खाली राहतो. केसभर. मी सांगते तिला, वर घे, वर घे. शंभरदा सांगितलं असेल. ऐकतच नाही! परत तिथे येते आणि परत तेच." मग तू माझ्याकडे बघून चिडून म्हणालीस, "अगदी तुझ्यासारखी आहे."

माझ्या तोंडून निघून गेलं, "ती मुद्दाम करत नसेल, आई."

अर्चना दारात चहाचे कप घेऊन उभी होती, तिला आत यावं की नाही कळेना. तू माझ्याकडे बघितलंस आणि उशी बाजूला ठेवलीस. "चल," म्हणालीस, "कुठे दाखवायचं म्हणत होतीस तिथे जाऊ."

मी तर अजून काही म्हटलंही नव्हतं!

ठाण्याला केतकी मॅडमनी तुझी अर्धा तास तपासणी केली. मग त्यांनी खुर्ची तुझ्यासमोर ओढली आणि कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून, वर बोलूनही, समजावलं. "आजी, तुम्ही साठ वर्षं मेंदूला दिवसातले दहा तास गाणं दिलंत. आता कानांकडून त्याला फारसं काही मिळत नाही. रिकामा बसायची त्याला सवय नाही. म्हणून तो स्वतःच वाजवतो, स्वतःच ऐकतो. ऐकू कमी झालेल्या बऱ्याच जणांना असं होतं. लोक घाबरून सांगत नाहीत, एवढंच. तुमचं डोकं शाबूत आहे."

तू तो कागद दोनदा वाचलास. "म्हणजे गातंय कोण? ती बाई मीच?"

"हो आजी. तुमचाच मेंदू."

"शक्य नाही!" तू टेबलावर हात आपटलास. "माझा गंधार उतरणं शक्य नाही!"

मिलिंद इतका मोठ्याने हसला की बाहेरचे पेशंट डोकावले. मग मॅडम हसल्या, मग मी. आणि शेवटी तूसुद्धा. हसता हसता पदराने डोळे टिपलेस. "वेड नाही ना लागलं मला?" एवढंच हळू विचारलंस, मला. मॅडमना नाही, मिलिंदला नाही. मला! मी मान हलवली आणि तुझा हात धरला.

यंत्रं लागली. पहिला महिना तू सगळ्यांना छळलंस. नळ कर्कश, अर्चनाच्या बांगड्या कर्कश, मिलिंदचा तानपुरा पत्र्याचा. पण बाहेरचे आवाज आत यायला लागले तशी ती बाई मागे सरकली. पूर्ण गेली नाही. एखाद्या दुपारी यायची. मी फोन केला की तू सांगायचीस, "आज बाई होत्या. पण अर्ध्या तासात उठून गेल्या." शेजारच्या पाहुणीबद्दल बोलावं तसं. तुला आता तिची भीती वाटत नव्हती. एकदा तर म्हणालीस, "आज बऱ्या गायल्या."

त्याच दिवसांत मी तुला आमच्या लॅबमध्ये घेऊन आले. तपासणी करून परत येताना रिक्षा एमआयडीसीकडे वळवली आणि म्हटलं, "दहा मिनिटं थांबू." तुला वाटलं माझं काही काम आहे. इतकी वर्षं मी तिथे नोकरी करते आणि तू एकदाही आली नव्हतीस, मीही बोलावलं नव्हतं. दोष अर्धा माझा धर.

मी तुला रंग तपासायच्या दिव्याच्या पेटीसमोर बसवलं. आत दोन कापडाचे तुकडे ठेवले, दोन्ही मोरपंखी. "आई, यात फरक सांग."

तू वाकून बघितलंस, चष्मा पुसून बघितलंस. "एकाच ठाणातले आहेत की."

"नाहीत. डावीकडचा हिरव्याकडे झुकलाय. हा माल मी काल परत पाठवला."

"कुठे हिरवा? काहीतरीच."

मी दिवे बदलून दाखवले. तुला तरी दिसेना. तू वैतागलीस. आणि मग तुझा हात त्या तुकड्यांवरच थांबला. तुझ्या मनात काय आलं ते मला तुझ्या पाठीवरून कळलं. मागे न वळताच तू विचारलंस.

"तुला खरंच वेगळे दिसतात?"

"हो."

"आणि सा आणि रे?"

"मला एकच ऐकू येतात, आई. पहिल्यापासून."

"मग सांगितलं का नाहीस मला?"

"मला काय माहीत, बाकीच्यांना वेगळे ऐकू येतात म्हणून? मला वाटायचं सगळ्यांना असंच ऐकू येतं. आणि तरी त्यांना जमतं, मला जमत नाही."

रिक्षात बसल्यावर माझं मनगट धरलंस ते घर येईपर्यंत सोडलं नाहीस. पण माफी मागितली नाहीस, आई. मागायला हवी होतीस. लेकीची माफी मागण्यात काय जातं गं? तू गेल्यावर असं लिहू नये म्हणतात, पण मी लिहिणार. "ही मुद्दाम करते" या तुझ्या एका वाक्याने माझ्या लहानपणीच्या कितीतरी संध्याकाळी दाराआड गेल्या. ते खरं आहे, आणि तू मला आवडायचीस हेही खरं आहे. दोन्ही आता मी एकाच आवाजात म्हणू शकते.

दिवाळीनंतर तू पुन्हा क्लास सुरू केलास. दोनच मुली. मला याची माहितीच नव्हती, कारण तू कधी सांगितलं नाहीस. अर्चनाने सांगितलं, तेही तू गेल्यावर, तेराव्याला केळीच्या पानांवरचं आवरता आवरता. त्यातल्या एका मुलीला सूर लागेना. तिची आई दरवेळी तिच्यावर डोळे वटारायची. चौथ्या दिवशी तू पेटी बंद केलीस आणि त्या बाईला म्हणालीस, "हिला ओरडू नका. सगळ्यांच्या डोक्यात गाण्याची खोली नसते. हिच्यात दुसरी कुठली खोली आहे ते शोधा. माझ्या मुलीची रंगांची आहे. मला शोधायला फार उशीर झाला."

अर्चना हे सांगून भांडी घासायला निघून गेली.

तू हे मला का सांगितलं नाहीस? एक फोन! रोज सकाळी करायचीस की. भाजी काय केली विचारायचीस, माझ्या गुडघ्यांचं विचारायचीस, आणि हे मात्र त्या परक्या बाईला सांगितलंस. तुझी ही तऱ्हा मला कधी कळणार नाही. पण कुणाला तरी सांगितलंस, आणि माझं नाव पुढे करून सांगितलंस. चालेल. मी घेतलं ते.

तुझं जाणं चार दिवसांचंच. छातीत कफ झाला, ताप उतरेना. तिसऱ्या दिवशी हॉस्पिटलात तू यंत्रं काढून माझ्या हातात दिलीस. म्हणालीस, "राहू दे आता. बाई आल्यात." मी तुझ्या कानाशी जाऊन विचारलं, "गंधार कसा आहे?" तू डोळे मिटूनच हाताने खूण केलीस, जरा वर, अजून जरा वर. शिकवतच होतीस तू! नर्सला वाटलं तुला उशी उंच हवीय.

शोकसभेला तुझ्या मुली आल्या. मुली कसल्या, कुणी साठीची, कुणी नातवंडांना घेऊन आलेली. त्या गायल्या. मला शब्द कळले, ताल कळला, बाकी तेच. पण या वेळी मी दाराआड नव्हते, पहिल्या रांगेत होते. म्हणून मी त्यांचे चेहरे बघितले, मागे वळून ऐकणाऱ्यांचेही. एका ठिकाणी, एकाच क्षणी, हॉलमधल्या सगळ्या माणसांचे चेहरे बदलले. कुणी खूण केली नव्हती. चाळिशीतला तो मिलिंद, ती पंचाहत्तरीची आजी, मागे उभा असलेला हॉलचा वॉचमन, सगळे एकदम! तेव्हा मला पहिल्यांदा पटलं की तिथे खरंच काहीतरी आहे. तू आयुष्यभर ज्याच्यासाठी ताठ बसलीस ते काही नुसतं बोलायची पद्धत नव्हे. मला ते ऐकू आलं नाही, पण मला ते दिसलं. आणि मी रंगांची माणूस आहे, मला दिसलेलं मी मानते.

आता तुला सांगायची शेवटची गोष्ट. शनिवारी निघताना केतकी मॅडमनी विचारलं, "ताई, आमच्याकडे अशी माणसं येतात हो, गाणी ऐकू येणारी. घरचे त्यांना गप्प बसवतात. माझं ते ऐकतात, पण मी पडले डॉक्टर. तुम्ही येऊन जरा बसाल त्यांच्याशी?" मी म्हटलं, मला तर गाणं कळत नाही. ती म्हणाली, "म्हणूनच."

येत्या शनिवारी कोपरीचे एक आजोबा येणार आहेत. पोस्टातून रिटायर झालेले. त्यांना सहा महिने सनई ऐकू येतेय, लग्नघरातली, आणि सुनेला सांगायची लाज वाटते म्हणून ते दिवसभर बागेत जाऊन बसतात. तुला वचन देते, आई, मी त्यांचं सगळं ऐकून घेईन. सनई कुठल्या लग्नातली, कोण वाजवतंय, कुठे थांबते, नवरी कोण, सगळं विचारेन. घाई करणार नाही. ते सांगतील तेव्हा माझ्या कानात काहीही वाजणार नाही, तरी मी त्यांच्याजवळून उठणार नाही, त्यांची वरात घरी पोचेपर्यंत.

तुझी थोरली,
संगीता